नहरपारसाठी टायर

आढावसाहेबांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते आमच्या स्कूटरशेजारी उकिडवे बसले होते आणि त्यांचे डोळे मिटलेले होते. उजवा तळहात मागच्या टायरवरून सावकाश फिरत होता. लक्ष्मीबाई नगरचं सरकारी क्वार्टर सोडून आम्ही फरीदाबादच्या नव्या सोसायटीत येऊन दोनच दिवस झाले होते. सामान अजून खोक्यांत होतं, आणि निघताना ऑफिसातल्या झाडून सगळ्यांनी बजावलं होतं की तिकडे चोऱ्या फार. मी गॅलरीतून ओरडले, "ओ भैया, क्या कर रहे हो?"

त्यांनी डोळे उघडले नाहीत. हातही थांबवला नाही. स्वच्छ मराठीत म्हणाले, "वहिनी, साहेबांना सांगा, हा टायर आठवडा काढणार नाही. आतली दोरी तुटलीय."

आमच्या दारावरची मराठी पाटी त्यांनी आल्या दिवशीच वाचून ठेवली होती. आमच्या ह्यांनी ते बोलणं हसण्यावारी नेलं. पाचव्या दिवशी मथुरा रोडवर, भर ट्रकांच्या गर्दीत, तो टायर फुटला. हे दोन्ही ढोपरं सोलटवून घरी आले, आणि औषध लावून घ्यायच्या आधी खालच्या मजल्यावर जाऊन आढावसाहेबांना हात जोडून आले.

फिलिप आढाव मूळचे नगरचे. फरीदाबादला एका टायरच्या कारखान्यात त्यांनी अठ्ठावीस वर्षं शेवटच्या तपासणीच्या टेबलावर काढली. तयार टायर समोर यायचा, आढावसाहेब त्याच्या आतबाहेर हात फिरवायचे, आणि मग पिवळ्या खडूने त्यावर तीनपैकी एक शब्द लिहायचे. पास, होल्ड किंवा स्क्रॅप. होल्ड म्हणजे टायर बाजूला ठेवायचा आणि उद्या थंड डोक्याने परत बघायचा. निवृत्तीनंतर कारखाना सुटला, खडू काही सुटला नाही. तो त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असे, आणि त्यामुळे त्यांचे सगळे सदरे छातीवर पिवळे.

दुनियेतल्या यच्चयावत गोष्टी ते या तीन शब्दांत बसवत. माझा उपमा पास, त्यातलं मीठ होल्ड. पाळकसाहेबांचा रविवारचा उपदेश बहुतेक वेळा होल्ड. माझ्या भाचीला बघायला नोएडाचा मुलगा आला, तेव्हा आम्ही सगळे त्याचा पगार आणि पत्रिका बघत होतो. आढावसाहेब खाली जाऊन त्याची नवी मोटार बघून आले आणि माझ्या कानाशी लागले, "वहिनी, टायर बाहेरच्या कडेने झिजलेत. वळणावर वेग कमी करत नाही मुलगा. होल्ड!" आम्ही ऐकलं नाही. जावई गुणी निघाला, पण गाडी अगदी तशीच चालवतो. त्याच्या शेजारी बसले की मी दाराची कडी घट्ट धरून ठेवते.

गंमत म्हणजे या माणसाला सायकलपलीकडे काही चालवता येत नव्हतं. स्वतःची गाडी कधी नव्हतीच. तरी सोसायटीतल्या प्रत्येक गाडीची हवा ते रविवारी उपासनेला जायच्या आधी तपासत, आणि कमी भरली तर मालकाचं दार वाजवत. "कमी हवा म्हणजे टायरचा खून आहे, खून!" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. चौथ्या मजल्यावरच्या खन्नासाहेबांना तर त्यांनी एकदा दाढी अर्धी सोडून खाली यायला लावलं होतं. खन्ना कुरकुरत आले, हवा भरून आले, आणि वर जाताना म्हणाले, "यार, बीवी से इतना नहीं डरता जितना इनसे."

आढावसाहेबांची बायको मार्थाताई. दिल्लीच्या एका मोठ्या इस्पितळात त्या परिचारिका होत्या, तीस वर्षं. बुटक्या, गोल चेहऱ्याच्या, आणि तोंडाने फटकळ. मूलबाळ नव्हतं. नवरा खाली टायरशी बोलत बसला की त्या गॅलरीतून हाक मारत, "अहो, माणसांत या! चहा निवतोय." मी त्यांच्याकडे भाजी निवडायला जायची ती तासभर बसायची. आमच्या मुलीला माजघर, बिनपाण्याने हजामत असले मराठी शब्द कळेनासे झाले होते, ते मार्थाताईंनी तिला आवर्जून शिकवले.

मग मार्थाताईंची पाठ दुखायला लागली. त्यांनी स्वतःच तपासण्या सांगितल्या आणि रिपोर्टही स्वतःच वाचला. कॅन्सर हाडांत उतरला होता. मला बोलावून सांगितलं ते असं, जसं काही ड्यूटी बदलली आहे. "नलू, फार तर वर्ष. ह्यांच्यासमोर रडू नकोस. त्यांना जमत नाही ते."

आता गाडीचं सांगते. परमुलखात राहणाऱ्याला एक धास्ती असते आणि ती कोणी बोलून दाखवत नाही. आपलं काही झालं तर खांदा द्यायला माणसं कुठून येणार? आमचं मराठी मंडळ खरं त्या धास्तीवरच चालत होतं, नाटकं आणि हळदीकुंकू वरवरचं. स्मशान आणि ख्रिस्ती दफनभूमी दोन्ही नहरपार, म्हणजे कालव्याच्या पलीकडे, शेतांतून जाणाऱ्या कच्च्या रस्त्यावर. तिथे बिल्डरांचे रंगीत बोर्ड लागले होते, तरणतलावाची चित्रंसुद्धा होती, पण रस्ता नव्हता. आदल्या पावसाळ्यात मंडळातल्या लेल्यांच्या वडिलांना नेताना भाड्याची व्हॅन चिखलात रुतली. ड्रायव्हर "आगे नहीं जाएगी" म्हणाला आणि खाली उतरून बिडी ओढत उभा राहिला. आमच्या मंडळींनी गुडघाभर चिखलातून तिरडी खांद्यावर नेली. दोनदा ती खाली टेकवावी लागली.

तेव्हा मंडळाने ठरवलं, आपली गाडी हवी. मी त्या वर्षी चिटणीस होते. मानेसरच्या एका कारखान्याने मोडीत काढलेली एक भलीथोरली पिकअप मिळाली. पुढे बसायला दोन रांगा, मागे लांबलचक हौदा, इंजिन ठणठणीत. टायर मात्र पार गोटा झालेले. चार नवे टायर घ्यायचे, एवढंच काम उरलं होतं, आणि ते कोणाकडे जाणार हे विचारायचीही गरज नव्हती. अध्यक्ष देशमुखसाहेब म्हणाले, "दो दिन का काम है." मंत्रालयातून निवृत्त झालेला तो कडक इस्त्रीचा माणूस. फाइल कशी पुढे सरकली पाहिजे यावर त्यांचा सारा जीव.

दोन दिवसांचा दीड महिना झाला.

देश परदेशी मालाला खुला झाला होता. इतकी वर्षं ज्या बाजारात दोन तऱ्हेचे टायर मिळत, तिथे आता बाहेरदेशचे वीस तऱ्हेचे आले होते. आढावसाहेब बल्लभगडच्या एका सरदारजींच्या दुकानात सकाळी जाऊन बसत ते जेवायला येत. सरदारजी आधी खूश झाले, मग कंटाळले, आणि शेवटी त्यांनी सुटका करून घेण्यासाठी तीन टायर नमुन्याला घरी नेऊ दिले. ते तीन टायर आढावांच्या पुढच्या खोलीत भिंतीला टेकून उभे राहिले. उजेड चांगला म्हणून मार्थाताईंची खाटही त्याच खोलीत हलवलेली. सगळ्या घराला नव्या रबराचा वास. मी मोसंबी घेऊन गेले तर मार्थाताई म्हणाल्या, "बघ बाई. लोकांकडे आजाऱ्याला फळं येतात, आमच्याकडे टायर येतात."

आढावसाहेबांनी मला ते एकेक करून समजावून सांगितले. हा सडकेचा, मऊ चालतो, पण चिखलात गेला की जागच्या जागी फिरणार. हा चिखलाचा, ठोकळे खोल, पण पक्क्या रस्त्यावर सगळी गाडी थरथरवणार. आणि हा मधला, ऑल-टेरेन, दोन्हीकडे चालणारा. "मग हाच घ्या की," मी म्हटलं.

"तीच तर अडचण आहे, वहिनी. गाडी जड, म्हणून टायर जड. दहा पदरांचा. एक टन माल लादला तर तो दबणार, मग मऊ चालणार. आपण लादणार एक माणूस." त्यांनी टायरवर मूठ आपटली. "दबणारच नाही हा. प्रत्येक दगड आतल्या माणसाला मोजून देणार."

"हलका टायर घ्या मग."

"जड गाडीला हलका टायर? बिल्कुल नाही. फुटला तर?" आणि तिन्ही टायरांवर त्यांनी खडूने लिहिलं, होल्ड.

मी चिटणीस म्हणून वैतागले होते. खरं सांगायचं तर चांगलीच चिडले होते. पावसाळा तोंडावर आला होता. त्या गाडीतून पहिलं कोण जाणार हे मंडळात सगळ्यांना ठाऊक होतं. मला वाटे, ज्या माणसाने घाई करायला हवी तोच कसा चालढकल करतो?

आमच्या घरी बैठक झाली. देशमुखसाहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "आढावसाहेब, कोणतेही टायर बसवा, पण बसवा. अहो, आत झोपणाऱ्याला काय फरक पडतो?"

बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं. माझ्या हातातला ट्रे तसाच राहिला. आढावसाहेब उठले. "तुम्ही झोपून बघितलंय?" एवढंच विचारलं त्यांनी, आणि चहा न घेता गेले.

पुढच्या रविवारी ते स्वतःच झोपून बघायला गेले. सरदारजींच्या हातापाया पडून ऑल-टेरेनचे चारही टायर चढवून घेतले. गाडी चालवायला मंडळाचा ड्रायव्हर रामफल, शेजारी आमचे हे, आणि मागच्या हौद्यात आढावसाहेब, पाठीवर उताणे. नहरपारच्या रस्त्यावर धूळ फार, म्हणून त्यांनी डोक्यापासून पायापर्यंत पांढरी चादर ओढून घेतलेली. म्हणजे बघणाऱ्याला काय दिसत असेल ते तुम्हीच समजा. वाटेत लोक बाजूला होत होते, म्हाताऱ्या हात जोडत होत्या. कालव्याच्या पुलाशी एक दूधवाला सायकलवरून उतरून, टोपी काढून अदबीने उभा राहिला. नेमका तिथेच खड्डा आला आणि आढावसाहेब चादरीसकट ताडकन उठून बसले आणि गरजले, "रामफल! पीछे का बायाँ देख!"

दूधवाल्याने सायकल, कॅन, टोपी सगळं तिथेच टाकलं आणि उसात शिरला. ह्यांनी अर्धा तास हाका मारल्या तेव्हा कुठे तो बाहेर आला, आणि तरीही आढावसाहेबांना लांबूनच नमस्कार करत होता. आढावसाहेबांना या कशाचा पत्ता नव्हता. ते उकिडवे बसून मागच्या टायरवर हात फिरवत होते. घरी आले ते कमरेत वाकलेले. "चिखलाला उत्तम आहे," ते म्हणाले. "पण दणके बसतात, वहिनी. फार दणके बसतात."

मी ही हकीकत मार्थाताईंना सांगितली. त्या हसल्या, इतक्या की उशी पोटाशी धरावी लागली. मग डोळे पुसता पुसता म्हणाल्या, "नलू, ते टायर ठरवणारच नाहीत."

"का?"

"अगं, टायर ठरले की गाडी तयार. गाडी तयार झाली की मग कसली वाट बघायची?"

मी इतके दिवस त्या माणसावर चिडले होते याची मला लाज वाटली. मार्थाताईंनी मात्र उपाय शोधून ठेवला होता. संध्याकाळी आढावसाहेब आल्यावर त्यांनी सरळ सांगितलं, "अहो, मला त्या गाडीतून न्या. नहरपार. पुढे बसून जाते मी एकदा. झोपून जाताना मला काय कळणार?"

"बिल्कुल नाही. डॉक्टर नाही म्हणतील."

"डॉक्टरांनी कधी हो म्हणायचं ते मीच शिकवलंय त्यांना तीस वर्षं."

आढावसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली मान घालून मोसंबं सोलत राहिले. मग ते हवा मोजायचा गेज शोधायला लागले. तो त्यांच्या खिशातच होता.

शुक्रवारी आम्ही निघालो. मार्थाताईंनी माझ्याकडून ठेवणीतली निळी साडी नेसवून घेतली होती. त्या पुढच्या रांगेत रामफलशेजारी, उशांत बसलेल्या, त्यांना धरून मी. आढावसाहेबांना पुढे जागा होती, पण ते हौद्यातच चढले. टायरचा आवाज तिथूनच ऐकू येतो म्हणाले. पक्का रस्ता होता तोवर सगळं ठीक होतं. मार्थाताई मॉलच्या पाट्या वाचत होत्या, कुठल्या सेक्टरात कोणाचं बाळंतपण केलं ते सांगत होत्या. पूल ओलांडला, कच्चा रस्ता लागला, आणि पहिल्याच दणक्याला त्यांची बोटं माझ्या मनगटात रुतली. दुसऱ्या दणक्याला त्यांनी डोळे घट्ट मिटले.

मागच्या काचेवर थाप पडली. रामफलने गाडी थांबवली. आढावसाहेब खाली उतरले, मागच्या चाकापाशी गुडघ्यावर बसले, आणि हवा सोडल्याचा आवाज यायला लागला. चारही चाकांची थोडी थोडी सोडली. मग खिडकीशी येऊन विचारलं, "आता बघ हं."

गाडी चालली, परत दणका. परत थाप. परत ते खाली. "आता?"

"जरा बरं," मार्थाताई म्हणाल्या.

तिसऱ्यांदा उतरले तेव्हा रामफलला राहवलं नाही. "साहब, आप ही तो कहते हो, कम हवा माने टायर का खून."

"चूप बैठ," आढावसाहेब म्हणाले. अठ्ठावीस वर्षं ज्याने लाखो लोकांच्या चाकांची काळजी वाहिली, तो माणूस स्वतःच्या हाताने चार नवेकोरे टायर खराब करत होता आणि त्याला त्याचं काही वाटत नव्हतं. घामाने त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. खिडकीत त्यांचा चेहरा आला. "आता?"

"आता बरं आहे," मार्थाताई म्हणाल्या. "आता काही नाही होत."

दफनभूमीच्या फाटकाशी आम्ही थांबलो. त्या उतरल्या नाहीत. काच खाली करून त्यांनी सगळीकडे नीट बघून घेतलं, एखादी खोली भाड्याने घेताना बघतात तसं. "भिंतीपाशी नको हं," त्या म्हणाल्या. "पाणी साचतं तिथे. त्या शेताकडच्या अंगाला बरं वाटतंय." आढावसाहेबांनी मान हलवली. परत येताना त्या माझ्या खांद्यावर झोपल्या. आढावसाहेब सबंध वाटभर हौद्यात उभे होते, एक हात छतावर, आणि रस्ता खराब आला की आधीच थाप मारून रामफलला सावध करत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला ऑफिसात फोन केला. टायर ठरले, म्हणाले. हेच. आणि फोन ठेवला.

मार्थाताई भाद्रपदात गेल्या. आदल्या आठवडाभर पाऊस झोडपत होता, नहरपार चिखलाचं तळं झालं होतं, पण गाडी कुठे अडणार नाही याबद्दल कोणाच्या मनात शंका नव्हती. सकाळी सगळं मंडळ जमलं. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. आमच्या मंडळींनी पेटी उचलून हौद्यात ठेवली, फुलं ठेवली. रामफलने चावी फिरवली, तेवढ्यात आढावसाहेब पुढे होऊन म्हणाले, "रुको."

काळ्या कोटात, सगळ्यांच्या देखत, ते मागच्या टायरपाशी चिखलात गुडघ्यावर बसले. खिशातून गेज काढला आणि हवा सोडायला लागले. डोळ्यांत पाणी असल्यामुळे त्यांना आकडा दिसेना. गेज लावत, डोळ्यांशी नेत, परत लावत. मी जाऊन त्यांच्याजवळ बसले आणि आकडे वाचून सांगायला लागले. "चाळीस. छत्तीस. बत्तीस."

लोक एकमेकांकडे बघत होते. देशमुखसाहेब पुढे आले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "आढावसाहेब, राहू द्या. आता कशाला?"

"तीस," मी म्हटलं.

"अजून थोडी," आढावसाहेब म्हणाले. "तिला दुखतं."

नळीतून हवा जात होती, तेवढाच आवाज. मग देशमुखसाहेब गाडीला वळसा घालून पलीकडे गेले. कडक इस्त्रीची पांढरी पँट घालून ते चिखलात गुडघ्यावर बसले, आणि तिकडून त्यांनी विचारलं, "इकडची किती काढू?"